तिरका काप

पेट्रोलची नवी नळी टाकीत ओवायची तर तिचं टोक आडवं कापून चालत नाही. ब्लेड कलतं धरून चांगला बोटभर लांब उतार द्यावा लागतो. हा तिरका काप साधला की निम्मं काम झालं. ज्याला तो साधत नाही तो घाईने टाकीचं भोक मोठं करतो, आणि एका सुंदर रचनेचा तिथेच शेवट होतो.

ही रचना आहे गवत-झुडपं कापणाऱ्या ब्रश कटरची. निपाणी भागात वेदगंगेकाठच्या उसाच्या बांधांवर आणि खाली खानापूरकडे काजूच्या बागांत, पावसाळा लागला की खांद्याला पट्टा अडकवून हे मशीन फिरू लागतं. टू-स्ट्रोक इंजिन, त्याच्या पोटाशी प्लास्टिकची छोटी टाकी. टाकीच्या भिंतीला एक गोल भोक, त्यातून नळी बाहेर येऊन कार्बोरेटरला जोडलेली. त्या भोकात बघावं तर ना वॉशर, ना क्लिप, ना कसला डिंक. नळीच भोकापेक्षा किंचित जाड असते. आत ओढली की रबर दबतं, भिंतीला घट्ट बसतं, आणि पेट्रोल अडतं. जी वस्तू पेट्रोल वाहून नेते तीच गळती थांबवते. काही कंपन्या भोकात वेगळं रबरी बूच देतात, तेही चांगलं चालतं. मला मात्र बिनबुचाची ही काटकसर फार मोलाची वाटते. बेळगावच्या उद्यमबागेत ज्याने लेथवर आयुष्य काढलंय त्याला टाइट फिट शिकवावा लागत नाही. लोखंडात तो मायक्रॉनच्या हिशेबात साधतो. इथे तोच विचार मऊ नळीत साधलेला आहे, आणि मोजमाप चुकलं तर रबर थोडं सांभाळूनही घेतं.

टाकीच्या आत नळीच्या टोकाला फिल्टर असतो, वजनदार. मशीन ज्या बाजूला कलेल तिकडे तो घरंगळतो, म्हणजे पेट्रोल जिथे साचेल तिथेच त्याचं तोंड. उताराच्या बांधावर मशीन आडवं-तिडवं फिरवलं तरी इंजिन उपाशी राहत नाही ते यामुळे. आणि वर ओढणारं कोण, तर स्वतः इंजिनच. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमध्ये दाब कमीजास्त होतो. त्या धक्क्यांनी कार्बोरेटरमधला पातळ डायाफ्राम हलतो आणि पेट्रोल शोषून घेतो. दर फेऱ्याला एक धक्का. मिनिटाला सात हजार फेरे असतील तर सात हजार घोट. वेगळा पंप नाही, फ्लोट नाही.

पण ओढून घेण्याच्या या रीतीमुळेच नळीचं दुखणं लपून राहतं. टाकी वर असलेल्या, पेट्रोल आपोआप उतरणाऱ्या इंजिनात नळी चिरली तर थेंब गळतात, वास येतो, दोष दिसतो. इथे चिरेतून पेट्रोल बाहेर यायच्या आधी हवा आत जाते. मशीन चालू होतं, संथ चालतं, आणि थ्रॉटल ओढला की गुदमरतं. कधी उगाच चढ्या आवाजात पळू लागतं. जाणता मिस्त्री मशीनला हात न लावता नुसता आवाज ऐकतो आणि म्हणतो, ‘‘हवा घ्यायलंय बघा.’’ हे निदान वेळेवर होणं फार गरजेचं आहे. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचलं. मग पिस्टनवर ओरखडे उठतात आणि इंजिन जाम होतं. थोडक्या पैशांच्या नळीपायी सिलिंडरचा खर्च येतो.

नळी खराब का होते, या प्रश्नाचं उत्तर आपल्याच शिवारात सापडतं. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूत वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात झाली. हे इथेनॉल उसापासूनही होतं, आणि बेळगाव जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत. ज्या उसाच्या बांधावर मशीन चालतं त्याच उसाचा अंश त्याच्या टाकीत येतो. हिशेब करून पाहा. पन्नासास एक या प्रमाणात लिटरला २० मिली ऑइल, आणि त्याच लिटरात इथेनॉल २०० मिली. इथेनॉलसाठी न बनवलेल्या रबराला ते फुगवतं, त्यातला मऊपणा धुऊन नेतं. पुढे मशीन कोरडं पडून राहिलं की नळी कडक होते आणि वाकवली की तडकते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात, नेमकी फिल्टरचं तोंड असतं तिथे. ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. इतक्या हुशारीने तळ शोधणारा फिल्टर मग बिनवंगणाचं पाणीच वर पाठवतो. उसाला दाम मिळावा म्हणून इथेनॉल हवंच, असं मीही मानतो. त्यासाठी नळी मात्र इथेनॉल सोसणारीच मागून घ्यावी, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावं.

आता पुन्हा त्या कापाकडे. उताराचं निमुळतं टोक ऑइलमध्ये बुडवून बाहेरून भोकात सारायचं. टाकीच्या झाकणातून लांब चोचीची पक्कड आत घालून ते टोक पकडायचं आणि एका दमात ओढायचं. नळी ताणली की बारीक होते आणि भोकातून सरकते. ओढ सैल झाली की मूळ जाडीवर येऊन घट्ट बसते. पकडीचे दात रबरात रुतणारच. म्हणून ते फक्त उताराच्या भागात रुतू द्यायचे, कारण झाकणातून बाहेर आल्यावर तो भाग कापून टाकायचाच असतो. सगळी इजा त्या तुकड्याने सोसायची आणि फिल्टरवर चढणारी नळी कोरी राहायची. या कामात मला सर्वांत जास्त दाद द्यावीशी वाटते ती या जागेला. तयार कापलेल्या सेटमध्ये हा जास्तीचा तुकडा बऱ्याचदा मिळतच नाही, म्हणून मी फुटावर मिळणारी नळीच पसंत करतो.

उरते आतली लांबी. आखूड पडली तर फिल्टर लोंबकळतो, लांब झाली तर नळी मुडपते. टाकीच्या सगळ्यांत लांबच्या तळकोपऱ्याला फिल्टर नुसता टेकावा, एवढीच ती हवी. प्रायमरमधून पेट्रोल टाकीत परत आणणारी नळी वेगळी. दोन्हींची अदलाबदल झाली तर प्रायमरचा फुगा कितीही दाबला तरी कार्बोरेटर कोरडाच राहतो. जोडणी बरोबर असेल तर फुगा आधी बुडबुडे दाखवतो, मग पेट्रोलने भरतो. त्यानंतर मशीन डावीकडे, उजवीकडे, दांडा आभाळाकडे करून पूर्ण थ्रॉटलवर ऐकायचं. तिन्ही वेळा आवाज एकसारखा लागला तरच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं.