अंगणवाडीत नुसतं खेळवतात, मग लेकरू शिकणार कधी?

दिवाळीत जळकोटला घरी गेलो होतो. वहिनींनी चहा देता देताच विचारलं, "भावजी, तुमी ह्याच्यावरच पीएचडी करायलात ना? मग सांगा, लेकराला अंगणवाडीत ठेवू का इंग्लिश शाळेच्या गाडीत बसवू? अंगणवाडीत नुसतं खेळवायलेत."

'मुलं खेळातूनच शिकतात' हे आमच्या विषयातलं पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. पण एक अभ्यास आठवला आणि गप्प बसलो. तोच आज तुम्हाला सांगतो.

२०१७ साली 'सायन्स' नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. मोइरा डिलन, हरिणी कण्णन, एलिझाबेथ स्पेल्के, एस्थर डफ्लो वगैरे संशोधकांनी दिल्लीत 'प्रथम' संस्थेच्या २१४ बालवाड्यांमधल्या १५४० मुलांवर तो केला. काही बालवाड्यांत चार महिने गणिताचे खेळ घेतले: ठिपक्यांच्या दोन गटांत जास्त कुठले, यातला वेगळा आकार कुठला, असे. काहींत चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचे खेळ घेतले, म्हणजे 'नुसत्या खेळण्यानं' फरक पडला का तेही कळावं. बाकीच्यांत नेहमीसारखं चाललं. मांडणी चोख आहे, यात वाद नाही.

निकाल मात्र दोन तोंडांचा आहे. गणिताचे खेळ खेळलेल्या मुलांची संख्येची आणि आकाराची उपजत समज वाढली, आणि वर्षभरानंतरही ती टिकली. पण हीच मुलं पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात इतरांच्या पुढे नव्हती.

माझा आक्षेप हा अभ्यास वापरणाऱ्यांवर आहे. खेळाचे समर्थक पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गिळतात. पाटी-पेन्सिलवाले दुसरंच तेवढं सांगतात. नीट वाचलं तर मुद्दा तिसराच निघतो. त्या खेळांचा भर ठिपके आणि आकार नजरेनं ताडण्यावर होता, आणि शाळा विचारते अंक. दोन्हींच्या मधला पूलच कुणी बांधला नव्हता. म्हणून खेळ वाया गेला असं नाही, तो अर्ध्यावर थांबला.

आपल्याकडची 'एकी-बेकी' घ्या. मुठीत चिंचोके धरायचे, समोरच्यानं एकी का बेकी ते सांगायचं. आधी दोघांच्या मुठी उघडून 'जास्त कुणाकडं?' विचारा, हा झाला दिल्लीतला खेळ. मग मोठ्यानं मोजा, जोड्या लावा, आणि शेवटी तोच आकडा मातीत बोटानं काढायला सांगा. खेळ तोच, पण आता अंकापर्यंत पोचला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला गावात मिळणाऱ्या वस्तूंमधूनच बालशिक्षण उभं केलं. त्यामुळं साधनं नाहीत ही सबब टिकत नाही.

खरी अडचण माणसाची आहे. सेविका आणि मदतनीस मिळून आहार, वजन-उंची, गृहभेटी, मोबाइलवरच्या नोंदी, सगळं बघतात. यातून खेळ आखून घ्यायला वेळ उरतो किती? तमिळनाडूत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी ३२० अंगणवाड्यांवर केलेल्या अभ्यासात निम्म्या केंद्रांना अर्धा वेळ काम करणारी, फक्त पूर्वप्राथमिक शिक्षण बघणारी जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, वर कुपोषणही घटलं. 'खेळातून शिक्षण' हे वाक्य प्रत्येक धोरणात छापायचं आणि जादा माणूस द्यायचा नाही, तर वहिनींची तक्रार खरीच ठरते.

पण म्हणून चार वर्षांच्या लेकराला गाडीत कोंबून एबीसीडी गिरवायला पाठवणं हा उपाय नाही. तिथं आकडे आहेत, पण त्यामागचे चिंचोके नाहीत.

वहिनींना म्हटलं, अंगणवाडीतच ठेवा. पण रोज विचारा, "आज काय खेळलास? किती होते? काढून दाखव." आणि ताईंना जादा माणूस मिळावा म्हणून ग्रामसभेत विषय काढा. तुमच्या घरात कुणी तीन-चार वर्षांचं असेल, तर तुम्हालाही हेच सांगेन.