द्रिनेवरचा पूल आणि त्यानंतरची कादंबरी

बोस्नियातल्या विशेग्रादला द्रिना नदीवर अकरा कमानींचा दगडी पूल आहे. सोळाव्या शतकात तो बांधवून घेतला ऑटोमन वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच याने. पाशा मूळचा त्याच मुलखातल्या ख्रिस्ती घरातला, लहानपणी सुलतानाच्या चाकरीसाठी उचलून नेलेला. या गावात वाढलेल्या इव्हो आंद्रिच यांनी दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या बेलग्रेडमध्ये बसून, त्या पुलावर कादंबरी लिहिली. ‘द ब्रिज ऑन द द्रिना’ १९४५ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये आंद्रिच यांना नोबेल मिळाले.

या कादंबरीला नायक नाही. सुमारे चारशे वर्षांत माणसे येतात, पुलावर बसून गप्पा मारतात, मरतात, पूल राहतो. पुलाच्या कामात घातपात करणाऱ्या शेतकऱ्याला सुळावर चढवतात तो प्रसंग आंद्रिच कित्येक पाने लिहितात. सुळाची लांबी, लाकडाला चोपडलेली चरबी, जल्लादाच्या हाताची सफाई हे सगळे ते आवाज न चढवता सांगतात. वाचणारा हादरतो तो त्या संथपणामुळे. साम्राज्ये येतात-जातात, गाव सोसत राहते, ही दृष्टी या लेखनाच्या लयीतच मुरली आहे. माझ्या मते युरोपीय साहित्यावर इतिहासाचा खरा ठसा विषयात नव्हे, अशा घडणीत शोधायला हवा.

१९९२ मध्ये, बोस्नियाच्या युद्धात, याच पुलावर सर्ब दलांनी गावातल्या मुस्लिमांना मारून नदीत टाकले. त्या वर्षी चौदा वर्षांचा साशा स्टानिशिच आईबरोबर विशेग्रादहून जर्मनीला पळाला. आज तो जर्मन भाषेतला महत्त्वाचा कादंबरीकार आहे. त्याच्या ‘हेरकुन्फ्ट’ या पुस्तकात विशेग्रादची आजी स्मृतिभ्रंशाने एकेक गोष्ट विसरत जाते आणि नातू त्याच वेळी आठवणी गोळा करत असतो. शेवटच्या भागात लेखक वाचकालाच विचारतो, आता पुढे कुठल्या पानावर जायचे? एका वाटेने एक शेवट हाती लागतो, दुसरीने दुसरा. आंद्रिचचा एकसंध, संथ ओघ या पिढीला परवडणारा नाही, कारण त्या ओघाला आधार देणारे गावच फुटले. या पुस्तकाला १९३३ नंतरच्या निर्वासित-साहित्याच्या रांगेत मानाने बसवावे, इतके ते कसदार आहे.

‘हेरकुन्फ्ट’ला २०१९ चे जर्मन बुक प्राइझ मिळाले, त्याच्या चारच दिवस आधी ऑस्ट्रियन लेखक पीटर हांडके यांना नोबेल जाहीर झाले होते. हांडके यांनी नव्वदच्या दशकात सर्बियाची बाजू घेणारे लेखन केले आणि २००६ मध्ये सर्बियाचा माजी अध्यक्ष मिलोशेविच याच्या अंत्यविधीला भाषणही केले. स्टानिशिचने पुरस्काराच्या व्यासपीठावरूनच जाब विचारला, की विशेग्रादमध्ये काय घडले ते हांडकेंच्या लेखनात का नाही? हांडके यांच्या गद्याची ताकद मी नाकारत नाही. पण जे घडले ते गाळून उभे राहिलेले सौंदर्य मला पोकळ वाटते.

उलटा धोकाही आहे. नाझींची छळछावणी आज पुस्तकांच्या दुकानातला खपाऊ माल झाली आहे. जॉन बॉइन यांच्या ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ (२००६) मध्ये छावणीच्या अधिकाऱ्याचा भाबडा मुलगा कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी दोस्ती करतो. ज्यूंच्या संहाराचा अभ्यास करणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे, असे ऑशवित्झच्या स्मारकाने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले. याच्या शेजारी इम्रे केर्तेस यांची ‘फेटलेस’ (१९७५) ठेवावी. केर्तेस स्वतः चौदाव्या वर्षी ऑशवित्झला नेले गेले होते. त्यांच्या कादंबरीतला बुडापेस्टचा मुलगाही सगळे शांतपणे सांगतो, पण तो भाबडा नाही. तो प्रत्येक पायरी समजून घेत, तिला सरावत पुढे सरकतो. सुटून परतल्यावर छावणीतल्या आनंदाच्या क्षणांबद्दलही बोलू पाहतो. बॉइन रडवतात, केर्तेस आपले रडणे थांबवतात. इतिहासाशी इमान दुसऱ्याचेच आहे.

सोव्हिएत राजवटीने तर शब्दांची छपाईच दाबली. वासिली ग्रोसमन यांच्या ‘लाइफ अँड फेट’चे हस्तलिखित १९६१ मध्ये केजीबीने नेले, सोबत कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबनीसुद्धा. १९६४ मध्ये ग्रोसमन गेले. पुस्तक छापले गेले १९८० मध्ये, स्वित्झर्लंडला.

अलीकडचे काही लेखक आठवणींच्या दुरुपयोगावर लिहितात. बल्गेरियाच्या गिओर्गी गोस्पोदिनोव्ह यांच्या ‘टाइम शेल्टर’मध्ये देशच्या देश सार्वमत घेऊन आपल्या आवडत्या दशकात परततात. कल्पना जबरदस्त आहे. उत्तरार्धात ती थोडी भाषणबाज होते.

युक्रेनमध्ये मात्र मागे वळून बघायला सवड उरलेली नाही. व्हिक्टोरिया अमेलिना या कादंबरीकार. २०२२ च्या आक्रमणानंतर त्यांनी कादंबरी बाजूला ठेवून युद्धगुन्ह्यांच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली. रशियन फौजेच्या ताब्यात असताना मारल्या गेलेल्या व्होलोदिमिर वाकुलेंको या लेखकाने डायरी बागेत पुरून ठेवली होती. ती अमेलिनांनी उकरून काढली. जुलै २०२३ मध्ये क्रामातोर्स्कवरील क्षेपणास्त्र-हल्ल्यात झालेल्या जखमांनी त्या गेल्या. त्यांचे ‘लुकिंग अ‍ॅट विमेन लुकिंग अ‍ॅट वॉर’ २०२५ मध्ये अपुऱ्या अवस्थेतच छापले गेले. काही प्रकरणे पूर्ण, काहींच्या जागी नुसती टिपणे. संपादकांनी ती भरून काढली नाहीत, हा निर्णय मला योग्य वाटतो.