शेजवानची सही

मुंबईत हल्ली 'शेजवान' हे आडनाव कुणालाही लावता येते. शेजवान डोसा, शेजवान वडापाव, शेजवान फ्रँकी! लाल चटणी फासली की झाले बारसे.

मी पडलो बँकेत चेक तपासणारा. नाव बरोबर, पण सही जुळत नाही, असा चेक आला की परत करायचा, एवढे एकच ज्ञान अंगात मुरलेले. म्हणून म्हटले, या शेजवानची सही एकदा नमुन्याशी ताडून पाहावी.

नमुना आहे चीनच्या सिचुआन प्रांतात. तिथल्या तिखटाला 'मा ला' म्हणतात. 'ला' म्हणजे तिखट, 'मा' म्हणजे बधिर. मिरची जाळते आणि सिचुआन मिरी जिभेला मुंग्या आणते. आपल्या चटणीत मिरची आहे, लसूण आहे, व्हिनेगर आहे; 'मा' मात्र औषधालाही नाही. म्हणजे खाते जॉइंट आणि सही एकाचीच!

मग सहकुटुंब शोध सुरू झाला. पहिल्या हॉटेलात 'अस्सल सिचुआन' मागितले, तर वेटर म्हणाला, "साहेब, चटणी जादा टाकायला सांगतो." दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर ड्रॅगन होता, टेबलावर मेणबत्ती होती. तिथे 'मा' मिळाला, पण तो बिलात.

तिसऱ्या रविवारी एका लहानशा जागी 'मापो तोफू' आले. हा पदार्थ चेंगडू शहरातला. लाल तेल, आंबवलेल्या शेंगदाण्यांची नव्हे, बाकल्याच्या दाण्यांची तिखट पेस्ट आणि त्यात मऊ तोफू. पहिला घास नुसता तिखट. तेवढ्याला कोल्हापूरचा पाहुणाही भीत नाही. पण लगेच ओठांना मुंग्या आल्या. दाताच्या डॉक्टरांनी सुई टोचल्यासारखे वाटून मी पाण्याकडे धावलो. बायको मात्र डोळे मिटून बसली होती.

"अहो, हे आपलं तिरफळ!"

ती मालवणची. घरी येऊन पुस्तक काढले, तर ती बरोबर! तिरफळ आणि सिचुआन मिरी या वनस्पतिशास्त्रात 'झँथॉक्सिलम' या एकाच प्रजातीच्या. दोघींचेही आतले काळे बी टाकायचे आणि टरफल वापरायचे. चव अगदी तीच नव्हे, चुलत बहिणींची. आणि हे तिरफळ सासूबाई गेल्यापासून आमच्या घरातून हद्दपार होते. जीभ कशीशीच होते अशी मुलांची तक्रार, म्हणून आम्हीच बंद केले आणि त्या जागी शेजवान चटणीची बाटली आणली.

चटणी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मी ती बोटाने चाटतो. पण तिने सिचुआनची सही करू नये. चिकन मंच्युरियनचा तरी मंच्युरियाशी काय संबंध? ते नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईतच केले, असे सांगतात. मुंबईत जन्मलेल्याने मुंबईचे नाव सांगायला लाजू नये. अर्थात, मालवणचे तिरफळ घालवून बाटली आणणाऱ्याने हे कुणाला शिकवावे, हाही प्रश्नच.

पुढच्या रविवारी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे पडली. थोरल्याने घास घेतला, जीभ टाळ्याला लावून पाहिली आणि म्हणाला, "आई, हे त्या चायनीजसारखं लागतंय. अजून वाढ."

बायकोने वाढले आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली, "ऐकलंस का गं?"