‘सारे अद्ययावत आहे’ : मेक या प्रोग्रामचे गुणदोष

पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस मोजणे ही येथे केवळ प्रयोगवहीतली गोष्ट नाही. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार गाव तर पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. म्हणूनच येथील एका कनिष्ठ महाविद्यालयातील अकरावीच्या मुलांनी संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी पावसाचा प्रोग्राम निवडला होता. पर्जन्यमापकाचे रोजचे आकडे वाचायचे, बेरीज करायची आणि पावसाळी दिवस किती ते छापायचे, एवढेच त्याचे काम.

ज्या दिवशी 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो तो पावसाळी दिवस, अशी हवामान खात्याची व्याख्या आहे. मुलांनी ‘2.5 पेक्षा अधिक’ असे लिहिले होते. त्यामुळे नेमका 2.5 मिलिमीटर पावसाचा एक दिवस मोजणीतून सुटत होता. एका मुलीच्या हे लक्षात आले. तिने चूक दुरुस्त केली आणि ‘मेक’ ही आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आले, की ‘पाऊस’ अद्ययावत आहे. प्रोग्राम चालवला, तर एक दिवस पुन्हा कमीच! आम्ही दोन तासिका चूक शोधत बसलो. दुरुस्ती तर डोळ्यांसमोर दिसत होती. शेवटी एकाने पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहिली. ती होती 1 जानेवारी 2009.

संगणकाच्या आतली बटणाएवढी बॅटरी संपली होती. आदल्या दिवशी मी घड्याळ हाताने लावले होते. रात्री वीज गेली आणि घड्याळ मागे पडले. त्यामुळे आजच्या दुरुस्तीवर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख पडली आणि कालचा तयार प्रोग्राम तिच्याहून ‘नवा’ ठरला. नव्या वस्तूला पुन्हा घडवायचे कशाला, असा विचार मेकने केला. त्याच्या नियमाप्रमाणे त्याचे काही चुकले नव्हते.

या प्रसंगामुळे मेककडे नव्याने पाहावेसे वाटले. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे प्रोग्रामचेही करता येते. तो कोणता प्रश्न सोडवतो, कसा सोडवतो आणि कोठे फसतो, हे तपासणे म्हणजेच ते परीक्षण.

प्रथम प्रश्न समजून घेऊ. माणूस जी आज्ञावली लिहितो तिला सोर्स कोड किंवा मूळ आज्ञावली म्हणतात. संगणकाला ती जशीच्या तशी समजत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्राम प्रत्येक फाइलचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. मग ते तुकडे एकत्र जोडले जातात आणि तयार झालेला प्रोग्राम योग्य जागी नेऊन बसवला जातो. आमच्या ‘पाऊस’मध्ये वाचन, मोजणी आणि छपाई अशा तीनच फाइली होत्या. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या हजारो असतात. त्यातील एक बदलली तर पुन्हा काय काय घडवावे लागेल, हे माणसाने लक्षात ठेवणे अशक्य होते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1976 साली नेमका हाच घोळ झाला. स्टीव्ह जॉन्सन यांनी एका प्रोग्राममधील चूक दुरुस्त केली होती, पण त्या फाइलचे पुन्हा रूपांतर करायचे राहून गेले. आधीच दुरुस्त झालेली चूक शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी त्यावर उपाय म्हणून मेक लिहिला. पुढे 2003 साली फेल्डमन यांना त्यासाठी एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकची कल्पना स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने समजते. पुरणपोळी हे आपले साध्य. तिला पुरण हवे आणि मळलेली कणीक हवी. पुरणाला शिजलेली डाळ आणि गूळ हवा. गूळ बदलला तर पुरण पुन्हा करावे लागेल, पोळ्याही पुन्हा लाटाव्या लागतील. मात्र कणीक पुन्हा मळण्याचे कारण नाही. कोणती वस्तू कशावर अवलंबून आहे आणि ती कशी करायची, एवढे आपण ‘मेकफाइल’ या कागदावर लिहून ठेवायचे. क्रम लावणे आणि आवश्यक तेवढेच काम करणे हे मेककडे सोपवायचे.

यातला सर्वांत मोठा गुण श्रम वाचण्याचा आहे असे सहसा म्हटले जाते. मला तसे वाटत नाही. एरवी एखाद्या जाणत्याच्या डोक्यातच राहणारे ज्ञान मेकमुळे कागदावर उतरते आणि दुसऱ्याला वाचता येते, हा त्याचा मोठा गुण. आमच्या मुलांनी मेकफाइल लिहिली तेव्हाच त्यांना आपल्या प्रोग्रामची रचना खऱ्या अर्थाने कळली.

आता दोष पाहू. पहिला दोष वर आलाच आहे. वस्तू बदलली की नाही हे मेक आत डोकावून पाहत नाही. फक्त तारीख-वेळ पाहतो. ज्या घोळावर उपाय म्हणून तो जन्मला, तोच घोळ त्याने घड्याळ चुकताच आमच्यापुढे पुन्हा उभा केला. एसकॉन्स, बेझल यांसारखी पुढची साधने फाइलच्या मजकुरावरून गणिताने एक ‘ठसा’ काढतात आणि ठसा बदलला तरच वस्तू बदलली असे मानतात. 1976 सालच्या संगणकांवर प्रत्येक वेळी सर्व फाइली वाचणे महागात पडले असते, त्यामुळे फेल्डमन यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण आजही वेळेवरच विसंबून राहणे हा सवयीचा भाग आहे.

दुसरा दोष सवयीचाच आहे. मेकफाइलमध्ये कृतीच्या ओळीचा आरंभ टॅब या कळीने करावा लागतो. त्याऐवजी मोकळ्या जागा दिल्या, तर डोळ्यांना फरक दिसत नाही आणि मेक मात्र अडतो. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. परंतु तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभरांची सोय पाहिली गेली आणि पुढच्या पिढ्यांतील असंख्य विद्यार्थी तेथे अडखळले.

तिसरा दोष अधिक खोल आहे. मेकला कळते ते फक्त आपण लिहिलेले. कंपायलरची आवृत्ती बदलली, किंवा एखाद्या फाइलवरचे अवलंबन लिहायचे राहिले, तर मेक तितक्याच आत्मविश्वासाने ‘अद्ययावत आहे’ म्हणतो. आणि मेकफाइल कोणी वाचलीच नाही, तर तिच्यातील पारदर्शकतेचा उपयोग काय? मूळ आज्ञावलीवरून सॉफ्टवेअर बसवणारे बहुतेक जण ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ या तीन आज्ञा मंत्रासारख्या टंकतात. त्यातील शेवटची आज्ञा तर अनेकदा संगणकाचे सर्व अधिकार हाती देऊन चालवली जाते.

ही शंका केवळ तात्त्विक नाही. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे मुक्त सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स संगणकांवर असते. 2024 साली त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये एक चोरवाट आढळली. प्रकल्पात दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केलेल्या खात्यावरून ती घुसवली गेली होती. विष होते ते चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींमध्ये, आणि ते बाहेर काढून तयार प्रोग्राममध्ये मिसळणारा भाग होता घडवणीच्या कृतीत. वाटल्या गेलेल्या गाठोड्यातील कृतीची ती फाइल सार्वजनिक भांडारात त्या स्वरूपात नव्हतीच. म्हणजे भांडारातली आज्ञावली ओळीन्ओळ वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले. त्याने खोदून पाहिले आणि मार्च 2024 अखेर प्रकरण उघड झाले. बहुतेकांनी ‘थोडे हळू चालते’ म्हणून सोडून दिले असते.

मग विश्वास ठेवायचा कशावर? आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीमध्ये उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी या मुक्त कंपायलरसाठी एक केंद्र चालवले. तेथील कार्यशाळांत महाविद्यालयीन शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना हा अवाढव्य कंपायलर मूळ आज्ञावलीतून कसा घडवायचा हेही शिकवले जात असे. जीसीसीची घडवण शिकण्यासारखी आहे. संगणकावरील जुन्या कंपायलरने नवा जीसीसी घडवायचा. त्या नव्याने पुन्हा स्वतःलाच घडवायचे, आणि जो मिळेल त्याने आणखी एकदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत मिळालेले तुकडे तंतोतंत जुळले पाहिजेत; न जुळल्यास घडवण थांबते. येथे यंत्र नुसते ‘झाले’ म्हणत नाही, आपले काम ताडून पाहते.

तरीही ही साक्ष स्वतःचीच स्वतःसाठी आहे. केन थॉम्पसन यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिले, की जुन्या कंपायलरमध्येच लबाडी असेल तर ती पिढ्यान्पिढ्या पुढे जाईल आणि मूळ आज्ञावलीत तिचा मागमूसही दिसणार नाही. अशी लबाडी प्रत्येक फेरीत सारखीच उतरेल, म्हणून तुकडेही बिनबोभाट जुळतील. त्यामुळे दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या संगणकावर, स्वतंत्रपणे घडवून ताडणे आवश्यक ठरते. डेबियन या लिनक्स वितरणातील स्वयंसेवकांनी 2013 पासून हे काम नेटाने चालवले आहे. कोणीही, कोठेही घडवले तरी अंतिम फाइल बिटन्बिट सारखी यावी, असा त्यांचा आग्रह आहे. गंमत म्हणजे त्यांच्या वाटेतील एक मोठा अडथळा वेळेचाच होता. अनेक प्रोग्राम घडवणीची तारीख स्वतःत कोरून ठेवत, त्यामुळे दोन घडवणी कधीच सारख्या येत नसत. या पद्धतीने सगळी लबाडी पकडली जाईल असे नाही. मूळ आज्ञावलीतच खोट असेल तर ती दोन्हीकडे सारखीच उतरेल. पण वाचलेली आज्ञावली आणि हाती आलेली वस्तू यांचा संबंध तरी तपासता येतो.

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे नवे नाही. सोयाबीनच्या पिशवीवर प्रमाणपत्राचे लेबल असले, तरी जाणता शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजूनच पेरणी करतो. तो लेबलाचा अपमान करत नाही. त्याचे वर्षभराचे पीक पणाला लागलेले असते.

संगणकाच्या तासाला मात्र आपण मुलांना ‘पुढे, पुढे, समाप्त’ अशी बटणे दाबायला शिकवतो आणि त्याला सॉफ्टवेअर बसवणे म्हणतो. त्याऐवजी एक प्रयोग करून पाहावा. तीन फाइलींचा छोटा प्रोग्राम आणि मेकफाइल मुलांनीच लिहावी. कंपायलरची आवृत्ती एकच असलेल्या दोन संगणकांवर दोन गटांनी तो घडवावा आणि तयार फाइली ‘सीएमपी’ या आज्ञेने ताडाव्यात. मग प्रोग्राममध्ये घडवणीची वेळ छापणारी एक ओळ घालून पुन्हा ताडाव्यात. नंतर एका संगणकाचे घड्याळ मुद्दाम मागे करून एक फाइल बदलावी आणि मेक काय म्हणतो ते पाहावे. याला इंटरनेट लागत नाही, खर्चही नाही.

मेक निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. पन्नास वर्षांनंतरही तो शिकवावा इतका तो चांगला आहे. आमच्या वर्गात त्याला सुट्टी मिळालेली नाही. आम्ही 2032 क्रमांकाची नवी बॅटरी बसवली, घड्याळ लावले आणि मोजणीची फाइल पुन्हा साठवली. या वेळी मेकने मुकाट्याने काम केले. तरीही त्या मुलीने त्या महिन्याचे पावसाळी दिवस नोंदवहीवरून बोटांवर मोजले, आणि आकडा जुळल्यावरच तो फळ्यावर लिहिला.