हेन्रीचे डोळे आणि लाळेतलं कॉर्टिसॉल

'अलाइव्ह इनसाइड' हा माहितीपट (2014) तुम्ही पाहिला नसेल, तरी हेन्रीची क्लिप कधीतरी फॉरवर्ड होऊन आली असेल. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमात मान खाली घालून बसलेले आजोबा. कानावर हेडफोन चढतात आणि डोळे लकाकतात. मग ते कॅब कॅलोवेबद्दल चक्क बोलायला लागतात. सनडान्सला प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला, त्यात नवल नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. फिल्म चेहऱ्यालाच पुरावा मानते. पण डोळे मोठे होणं, नाडी वाढणं हे आनंदातही होतं आणि भेदरल्यावरही. म्हणून आम्ही मंडळी लाळेतलं कॉर्टिसॉल मोजायला जातो. तिथेही घोळ आहेच. हे संप्रेरक उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं, मग दिवसभर उतरत जातं. म्हणजे गाणं लावा की नुसतं खिडकीपाशी बसवा, दुपारचा आकडा बहुधा सकाळपेक्षा कमीच येणार! त्याच वेळी मोजलेला, गाणं न ऐकलेला गट नसेल तर श्रेय फुकटात संगीताला. हृदयगती मोजावी, तर डोनेपेझिलसारखं डिमेन्शियाचं औषधच ती मंदावू शकतं. (आणि औषधांनी तोंड कोरडं पडलेल्या आजींना कापसाचा बोळा चघळायला सांगून बघा, ताण तिथेच वाढतो.)

मग मोजायचं कशाला? कारण 'बंद करा हे' असं ज्याला म्हणता येत नाही, त्याच्या कानावर आपण हेडफोन चढवतोय. खुललेले चेहरे फिल्ममध्ये भरपूर आहेत. एखाद्याला तेच गाणं नकोसं होत असेल तर ते कसं ओळखायचं, याला मात्र तिच्यात फारशी जागा नाही.