कार्बनचक्राचे प्रतिमान आणि शोषणाचा रकाना

किशोरवयीन विद्यार्थ्यांना हवामानाची प्रतिमाने शिकविण्यासाठी स्प्रेडशीटचा उपयोग करण्याची प्रथा आता बरीच रूढ झाली आहे. तिचा गुण उघड आहे. मोठ्या संगणकांवरील प्रतिमाने विद्यार्थ्यापुढे केवळ निष्कर्ष ठेवतात. येथे प्रत्येक आकड्यामागील सूत्र उघडून पाहता येते. मात्र पाठाचा आरंभ कोणत्या सूत्राने होतो, यावर पुढील सारे अवलंबून राहते.

सर्वांत सोयीचा नियम असा: उत्सर्जित कार्बनपैकी सुमारे निम्मा हवेत राहतो, म्हणून वर्षाच्या उत्सर्जनाचे अब्ज टनांतील मान निम्मे करावे, त्यास २.१३ ने भागावे आणि येणारी वाढ मागील वर्षाच्या प्रमाणात मिळवावी. मौना लोआ येथे १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांची मोजमापे सुरू झाली, तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायॉक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२४ च्या वर गेले. नियमाने काढलेली रेषा या मोजमापांशी इतकी जुळते की, शिक्षक व विद्यार्थी दोघेही तेथेच थांबतात. वस्तुतः ‘निम्मा’ हा निसर्गनियम नव्हे. उत्सर्जन दीर्घकाळ वाढतच राहिले, त्याचा तो परिणाम होय. त्याच पत्रकात पुढील वर्षांचे उत्सर्जन शून्य लिहिले, तर हवेतील प्रमाण आहे तेथे कायमचे थिजते. समुद्र व वनस्पती यांचे शोषण तर चालूच राहावयाचे! पत्रकात शोषणाला स्वतंत्र रकानाच नाही, हे या दोषाचे मूळ आहे.

हा दोष क्षुल्लक मानता येत नाही. जॉन स्टर्मन व लिंडा बूथ स्वीनी यांचा २००७ मधील अभ्यास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांविषयी होता. उत्सर्जन शोषणाहून अधिक असतानाही हवेतील साठा स्थिर राखता येईल, असे त्यांपैकी बहुतेकांना वाटले. जमा-खर्चाची ही साधी चूक त्या वयापर्यंत टिकून राहते.

साठे व प्रवाह वेगळे मांडणारे पत्रक म्हणूनच अधिक ग्राह्य ठरते. पण तेही निर्धोक नाही. औद्योगिक युगापूर्वी हवेत सुमारे ५९० आणि समुद्रात सुमारे ३८,००० अब्ज टन कार्बन होता. प्रवाह साठ्याच्या सरळ प्रमाणात धरले, तर जादा कार्बनपैकी अखेर जेमतेम दीड टक्का हवेत उरेल. उत्तर दिलासा देणारे आहे, आणि चुकीचे आहे. रॉजर रेव्हेल व हान्स स्यूस यांनी १९५७ मध्ये समुद्राच्या रसायनातील अडसराकडे लक्ष वेधले: हवेतील वायू दहा टक्के वाढला तरी पृष्ठजलात विरघळलेला कार्बन सुमारे एक टक्काच वाढतो. हा दहाचा गुणक सूत्रात घातला की, उरणारा अंश तेरा टक्क्यांच्या आसपास जातो. तोही खोल समुद्राचे मिश्रण होण्यास लागणारी शतके लोटल्यावर. एका कप्प्यातील एवढ्या बदलाने रसायनशास्त्राचा अख्खा तास वर्गात आणता येतो.

वनस्पती व मृदा यांचा रकाना याहून अवघड. जमिनीचे शोषण दीर्घकाळ शेषरूपानेच, म्हणजे उत्सर्जनातून हवेतील वाढ व समुद्राचे शोषण वजा करून, काढले जात असे. शालेय पत्रकातही ते सूत्राने सजविण्यापेक्षा शेष म्हणूनच दाखविणे अधिक प्रामाणिक होईल.