लोकमताची श्रेणी आणि समीक्षेची जबाबदारी : 'ऐसी अक्षरे' या संकेतस्थळाच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : श्रेणी, लोकमत, रुची, समीक्षा, आंतरजाल.

प्रस्तावना :
आंतरजालावर दररोज येणाऱ्या अफाट मजकुरातून वाचनीय काय, हे ठरविणे एकट्या वाचकाला शक्य राहिलेले नाही. वर्तमानपत्रात ही निवड संपादक करतो. १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'स्लॅशडॉट'ने प्रतिसादांची प्रतवारी वाचकांकडे सोपविली. पुढे 'डिग' (२००४), 'रेडिट' (२००५) आणि 'हॅकर न्यूज' (२००७) यांनी बातम्यांचा क्रमच वाचकांच्या मतांवर ठरविला. मराठीत या पद्धतीला जवळचा असा प्रयोग २०११ मध्ये सुरू झालेल्या 'ऐसी अक्षरे' या संकेतस्थळावर आढळतो. प्रस्तुत लेखात या प्रयोगाचे समीक्षात्मक मूल्यमापन केले आहे.

श्रेणीव्यवस्थेचे स्वरूप :
'मायबोली' (१९९६) आणि 'मिसळपाव' (२००७) यांनी मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना एकत्र आणले. अशा चर्चास्थळांवर सामान्यतः नवा प्रतिसाद आला की चर्चा वर येते. म्हणजेच विचाराइतकेच भांडणही तिला वर ठेवते. 'ऐसी अक्षरे'ने त्यावर उपाय म्हणून प्रतिसादांना श्रेणी देण्याची पद्धत स्वीकारली. मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, विनोदी, खवचट, अवांतर, निरर्थक अशी या श्रेणींची नावे आहेत. सदस्याच्या खात्यावरील गुणांना 'पुण्य' म्हटले जाते. 'ही बातमी समजली का?' या चर्चामालेत सदस्य वाचनात आलेल्या बातम्या इतरांसमोर ठेवतात.

या व्यवस्थेचे बलस्थान तिच्या शब्दांत आहे. 'रेडिट'वरील बाण केवळ पसंती वा नापसंती सांगतो. येथे वाचकाला पसंतीचे नाव सांगावे लागते. 'रोचक' आणि 'माहितीपूर्ण' हे दोन भिन्न गुण आहेत, ही जाण समीक्षेची पहिली पायरी होय. 'खवचट' या शब्दात तर रोष आणि दाद एकाच वेळी सामावतात. त्याला आकड्याचा पर्याय नाही.

मर्यादा :
तथापि, श्रेणीला कारण द्यावे लागत नाही. 'मार्मिक' म्हणणाऱ्याला मर्म कोणते, हे सांगण्याचे बंधन नाही. येथे समीक्षा सुरू होण्याआधीच थांबते. दुसरे असे की, मते परस्परांपासून स्वतंत्र नसतात. मुचनिक, अराल आणि टेलर यांनी २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रतिसादाला सुरुवातीलाच एक कृत्रिम अनुकूल मत दिल्याने त्याचे अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

तिसरी मर्यादा बीड जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तो प्रश्न वाचकांच्या मतांनी वर आलेला नव्हता. कार्यकर्त्या आणि वार्ताहर गावांत जाऊन स्त्रियांशी बोलले, म्हणून तो वर आला. वर्षातील अनेक महिने उसाच्या फडात राहणारी स्त्री मतदानाच्या या पटावर नसते. जो मत देत नाही त्याचे दुःख 'रोचक' ठरण्याची वाट पाहू शकत नाही.

निष्कर्ष :
१. नामयुक्त श्रेणी ही निव्वळ मतमोजणीपेक्षा समीक्षेला अधिक जवळची आहे.
२. लोकमताचा क्रम मत देणाऱ्यांची रुची सांगतो. विषयाचे महत्त्व सांगतोच असे नाही.
३. त्यामुळे अशा स्थळांमुळे चांगले वाचन हाती लागले, तरी संपादक, वार्ताहर आणि अध्यापक यांची जबाबदारी कमी होत नाही.
४. श्रेणीसोबत दोन वाक्यांचे कारण लिहिण्याचा सराव वर्गात दिल्यास वाचकाचा समीक्षक घडू शकतो.